काकांनी पत्रा का वाजवला नाही

अण्णा,

तुमच्या यंदाच्या पुण्यतिथीच्या पुण्यानुमोदनाला वाचून दाखवायला दोन शब्द लिहून पाठव, असं काकांनी मला फोनवर सांगितलं. "तू शिकलेली हायस, तुला जमंल. दादाबद्दल बरं लिही," म्हणाले. मी हो म्हणून बसले. आज सुट्टी आहे, चहा झालाय, कागद पुढ्यात आहे, आणि तुमच्याबद्दल बरं म्हणून जे काही आठवायला जाते ते काकांच्या गालावर येऊन थांबतं. तेव्हा दोन शब्द राहू देत. जे खरं आहे ते लिहिते. तुम्ही जिवंत असताना तुमच्यापुढं उभं राहून बोलायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, तेव्हा आता ऐका गपगुमान.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढं विमानात नोकरीला लागले, बरीच वर्षं उडले. आपल्या जाफराबादेत अजून बायका विचारतात, विमानात चहा देतेस ना गं? आता देत नाही. आता हैदराबादला एका ट्रेनिंग सेंटरात शिकवते. कॅप्टन, त्यांच्या शेजारी बसणारे धाकटे पायलट, केबिनमधली पोरं-पोरी, सगळ्यांना एका खोलीत बसवायचं आणि एकमेकांशी बोलायला शिकवायचं, हे माझं काम. विमानातल्या सगळ्यात धाकट्या माणसाला काही खटकलं, तर त्यानं कॅप्टनला तोंडावर सांगावं आणि कॅप्टननं ते ऐकून घ्यावं, एवढीच ती विद्या. हे काय शिकवायचं असतं होय, असं तुम्ही म्हणाला असता. असतं, अण्णा. शेजारच्याला धोका दिसत होता आणि साहेबाला कसं सांगावं म्हणून तो चाचरत राहिला, अशानं धडधाकट विमानं पडलेली आहेत. त्या वर्गात मी तुमची गोष्ट सांगते. प्रत्येक बॅचला सांगते. तुमचं नाव घेत नाही, गावाचं घेत नाही, बापाची गोष्ट आहे हे तर वर्गात कुणालाच ठाऊक नाही. 'एक जीप ड्रायव्हर होता', एवढंच.

पोरांना आधी काळी-पिवळी समजावून सांगावी लागते. दिल्ली-बंगळूरची लेकरं, त्यांना काय कळणार. सांगते, की जीप भोकरदनच्या रस्त्याला चालायची, आत माणसं कोंबलेली, दोघं ड्रायव्हरच्याही उजव्या अंगाला, आणि मागं पायरीवर एक पाय टेकून, वरच्या कॅरियरला धरून लटकलेला क्लीनर. त्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मागचं सगळं क्लीनरला दिसतं. दोघांत बोलायची सोय एकच, गाडीचा पत्रा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. इथवर आलं की पायलट लोकांचे डोळे चमकतात, कारण त्यांचंही सगळं असंच खुणांवर चालतं. मग मी सांगते, की क्लीनर ड्रायव्हरचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मग स्टँडवरचा दिवस. काकांना ब्रेकचा जळका वास आला म्हणून त्यांनी एक थाप मारली. तुम्ही गाडी थांबवली, खाली उतरून बघितलं, काही सापडलं नाही. तेवढ्यात मागची जीप पुढं निघून गेली आणि फाट्यावरचे सगळे उतारू तिनं उचलले.  जाफराबादला स्टँडवर परत आलात, चहाच्या टपरीपाशी सगळे ड्रायव्हर उभे होते, तिथं तुम्ही काकांच्या कानाखाली काढली. मी शाळेतून येत होते, मी बघितलं. "गाडी कोण चालवून राह्यलंय? तू का मी?" तुम्ही म्हणालात. "आजपासून उतारू उतरायचा असला तरच पत्रा वाजवायचा. तुला वास येऊ दे न्हाई तर धूर दिसू दे, ते मला सांगायचं न्हाई." काका गाल चोळत हसले. चार माणसांत मार खाल्लेला माणूस हसतो तसे. तुम्हीही हसलात आणि त्यांना चहा पाजलात. विषय संपला तुमच्यापुरता.

हा भाग मी वर्गात करून दाखवते. खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ कॅप्टनला मागच्या खुर्चीवर बसवते, तो क्लीनर. त्यानं तोंडानं बोलायचं नाही, फक्त टेबलावर थाप. मी होते ड्रायव्हर. आणि तुमच्या आवाजात, बराबर तुमच्या आवाजात, भुवई तशीच चढवून विचारते, गाडी कोण चालवून राह्यलंय? त्यांना मराठी येत नाही, पण अर्थ कळतो. आधी हसतात. मग तो केस पिकलेला, चार पट्ट्यांचा कॅप्टन टेबलावर हात उचलतो आणि मारू की नको असा तसाच धरून ठेवतो, तेव्हा त्यांचं हसू थांबतं. मला त्या वेळी फार बरं वाटतं. तुम्हाला सगळ्यांपुढं उभं केलंय आणि तुम्ही तोंड उघडू शकत नाही, याचं बरं वाटतं. लपवून काय करू.

त्यानंतर आई. तुम्ही तिला पुढं कधी बसवलं नाही, पुढची जागा भाड्याची. त्या दिवशी ती माहेराहून येत होती, मागं, दाराजवळच बसली होती. काकांनी पायरीवरून खाली बघितलं तर मागचं डावं चाक डुलत होतं. नट ढिले झाले असणार. एक थाप मारायची, बस्स. हात वर गेला होता, असं काका सांगतात. पण चाक खरंच डुलतंय का आपल्याला तसं वाटतंय, आणि काही नसलं तर पुन्हा स्टँडवर, पुन्हा सगळ्यांदेखत? उतारू उतरणार असेल तरच वाजवायचा, हा तुमचा कायदा. म्हणून त्यांनी उतारू शोधला. आत वाकून आईला विचारलं, "वयनी, तू हितं उतरती का?" आई म्हणाली, "हितं रानात कुठं उतरू? येडा झाला का?" आजूबाजूचे हसले. काकांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तोही नाही म्हणाला. काकांनी ठरवलं, पुढं फाटा आलाच आहे, तिथं कुणीतरी उतरेलच, तेव्हा वाजवू आणि मग हळूच चाकाचं सांगू. फाटा यायच्या आत चाक निघालं. जीप नाल्यात गेली. बाकीचे हातपाय मोडून वाचले, आई वाचली नाही.

वर्गात मी एवढंच विचारते, क्लीनर का बोलला नाही? तुम्हीही हेच विचारलं होतं, पण तुमचं विचारणं निराळं होतं. आई गेल्यावरच्या जलदान विधीला अख्खी वस्ती बसलेली, भंतेजींची वंदना नुकतीच म्हणून झालेली, आणि तुम्ही उभं राहून काकांकडं बोट केलंत. "ह्यानं पाह्यलं व्हतं चाक. ह्यानं मारलं तिला. तोंड शिवलं व्हतं का रं तुझं?" काकांनी मान खाली घातली. स्टँडवरचा कायदा तुमचा, हे त्यांनी सांगितलं नाही. त्या टपरीपाशी उभे असलेले ड्रायव्हर तिथं बसले होते, त्यांच्यातलाही कुणी बोलला नाही. नंतर काकांना कुठल्याच गाडीवर कुणी घेतलं नाही. ते कापसाच्या जिनिंगवर हमाली करायला लागले. स्टँडवरून चालले की टवाळ पोरं गाडीच्या पत्र्यावर थाप मारायची आणि ओरडायची, थांब थांब. तुम्ही तिथंच नव्या जीपमध्ये बसलेले असायचात. तुम्ही एकदा जरी हाड म्हणाला असतात तरी ते थांबलं असतं, कारण तुम्हाला भीत सगळेच होते.

मीही काकांशी बोलत नव्हते. मारलं म्हणाले अण्णा, तर मारलं. ते डोक्यातून निघालं नोकरीत. माझ्या स्वतःच्या ट्रेनिंगला बाईंनी शिकवलं, की घाबरलेला माणूस सरळ सांगत नाही, तो आडून सुचवतो आणि समोरच्याला कळेल अशी आशा धरतो. मी तशीच उठून जिन्यात गेले आणि काकांना फोन लावला. विचारलं, "काका, त्या दिवशी पत्रा का नाही वाजवला?"  काका म्हणाले, "पोरी, इतक्या वर्सांत तू पयलीच हायस इचारणारी." आणि सगळं सांगितलं, वयनी तू उतरती का इथपासून. मी जिन्यात बसून रडले. तुम्ही तेव्हा हयात असतात तर पुढची गाडी धरून आले असते आणि त्याच टपरीपाशी, त्याच लोकांसमोर तुम्हाला विचारलं असतं. तुम्ही आधीच मरून मोकळे झाला होता.

मागच्या महिन्यात एका कॅप्टननं मला अडवलं. निवृत्तीला आलेला, शांत माणूस. गोष्ट संपल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, तो ड्रायव्हर नंतर कधी काही बोलला का?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, नाही.

तुम्ही बोलला होतात. काकांनी जिन्यातल्या त्या फोनवरच मला सांगितलं होतं. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही शेवटच्या खाटेवर होता, उशापायथ्याला काकाच होते. तुमचं हगणं-मुतणं त्यांनीच काढलं. एका दुपारी तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, "पुढच्या खेपेला पत्रा वाजीव. मी थांबंन." हे सांगताना काकांचा आवाज असा काही उजळला, की मला तुमचा आणखीच राग आला. "झालं माझं समाधान," ते म्हणाले. एवढ्यावर होतं त्यांचं समाधान. कानाखाली मारली स्टँडवर, बोट केलं वस्तीपुढं, आणि कबूल केलं कुठं, तर जिथं सलाइनच्या बाटलीशिवाय ऐकायला कुणी नाही तिथं. तेही माझं चुकलं असं नाही, पुढच्या खेपेला थांबंन. तुम्हाला पुढची खेप नव्हती, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

माझ्याच वर्गाचा नियम आहे, मीच तो पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिते, की अपघाताची हकीकत सांगताना कुणाला टांगायचं हे मनात धरायचं नाही, घडलं ते सगळं सांगायचं, अर्धं ठेवायचं नाही. पोरं लिहून घेतात. आणि मी प्रत्येक बॅचला तुमचं ते वाक्य गाळते. तुम्ही काकांना इतकी वर्षं अर्ध्या गोष्टीवर जगवलंत, आता तुम्ही राहा अर्ध्या गोष्टीत.

तर हे काही पुण्यानुमोदनाला वाचायचं नाही. काकांना दुसरं चार ओळींचं लिहून पाठवीन, कष्टाळू होते, गाडीवर जीव होता, असं. हे पाठवत नाही, कारण काका स्वतः वाचून बघतील, आणि त्यात एक गोष्ट आहे जी त्यांना कळायला नको. ही गोष्ट मी वर्गात सांगते हे त्यांना ठाऊक आहे, आणि ते दर वेळी फोन ठेवताना विचारतात, "दादाचं शेवटचं सांगतीस ना गं पोरांना? त्ये सांगत जाय. त्याबिगर दादा लई वाईट दिसतो." मी म्हणते, "सांगते की, काका." परवाही मी हेच म्हटलं.