हातावरचा कुत्रा आणि माझी तेलकट त्वचा

५ मार्च
काम फत्ते! डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, कुत्र्याचा टॅटू काढून घेतला. कान उभे, नजर इमानदार. अजिबात दुखलं नाही. डोळ्यांत पाणी आलं ते स्टुडिओतल्या दिव्यामुळे.
घरी कुत्रा पाळायचा विषय निघाला की बायको मेलेले मासे आणि वाळलेला मनीप्लांट उकरून काढते. आज हात पुढे केला. म्हटलं, हा बघ, आणलाच. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, ह्याला महिनाभर नीट सांभाळून दाखवा, खऱ्याचं मग बघू. लेक साक्षीदार आहे. बाई स्वतःच्याच शब्दांत अडकली.

६ मार्च
टॅटूवाल्याच्या सूचना: सौम्य साबण, टिपून कोरडं करणं, बिनवासाचं लोशन अगदी पातळ. त्वचा कोरडी असेल तर जास्त वेळा, तेलकट असेल तर कमी. म्हणून आधी त्वचा ओळखा म्हणाला.
मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. पुराव्याशिवाय लोशनला हात लावणार नाही.

संध्याकाळी
नेटवर टेस्ट सापडली. टिश्यू पेपर त्वचेवर दाबायचा, तेल उमटलं तर तेलकट. कपाळावर दाबला. पेपरातून पलीकडचं दिसायला लागलं. केस क्लोज. लोशन बंद.

९ मार्च
बंदोबस्त जोरात. टॅटू भांडी घासायच्या लिक्विडने धुतो. तेल काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्वचा ताणल्यासारखी वाटते, म्हणजे तरुण होत असावी.

१२ मार्च
खाज. भयंकर खाज. पण खाजवायचं नाही म्हणजे नाही. फायलीच्या कडेने हळूच घासतो, त्याला खाजवणं म्हणत नाहीत. साहेबांनी विचारलं, हाताला काय झालं? म्हटलं, कुत्रा. ते म्हणाले, इंजेक्शन घेतलं का?

१३ मार्च
कुत्र्याचे पापुद्रे निघताहेत. लेक म्हणाली, भेगा पडल्यात. मी टेस्टचा निकाल सांगितला. पेपर कुठे दाबला होता, तिने विचारलं. कपाळावर, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, कुत्रा काय कपाळावर काढलाय? मग तिने माझ्या हातावर पेपर दाबला. कोरडा ठाक.
लहानांचंही ऐकून घ्यावं. मोठेपणा त्यातच असतो.

१४ मार्च
नवी स्ट्रॅटेजी. कोरडी त्वचा, मागची तूट भरून काढायची. पेट्रोलियम जेलीचा बोटभर थर, वर डबे झाकायचं प्लॅस्टिक गच्च गुंडाळलं. बायको म्हणाली, पातळ लावा म्हणाला होता ना तो? म्हटलं, तेवढ्याने काय होतंय. ती म्हणाली, मासेही असेच खायला घालून घालून मारलेत. हा मुद्दा विषयाला सोडून होता.

१६ मार्च
हात सुजला. पुरळ अशी की कुत्र्याला गोचीड झाल्यासारखी. खरं सांगायचं तर घाबरलो. हाताला नाही, खरा कुत्रा हातचा जाईल ह्याला. डॉक्टरबाईंनी प्लॅस्टिक सोललं, त्याबरोबर खपली आणि कुत्र्याचा डावा कान गेला. मलम कसं लावायचं ते त्या बायकोला समजावत होत्या. पेशंट मी होतो, पण मला कोणी काही विचारलं नाही.

२४ मार्च
सूज गेली. बायको सकाळ-संध्याकाळ हात धुते, टिपते, मलम लावते. माझं सहकार्य उत्तम. कुत्रा एककानी, पण जिवंत! अट जवळजवळ पुरी झाली. दुकानात लाल पट्टा बघून ठेवला.

५ एप्रिल
महिना झाला. आता कुत्रा बरा झाल्यामुळे मलमाच्या जागी लोशन आलंय. बायको ते लावत असतानाच विषय काढला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, सांभाळणं किती कठीण असतं ते मला ह्या महिन्यात कळलं. रोज धुवायचं, पुसायचं, खाजवू द्यायचं नाही, ओढत डॉक्टरकडे न्यायचं. घरात एक आहे तेवढा पुरे, दुसरा मला झेपायचा नाही.
मी म्हटलं, अगं, पण हा नुसता टॅटू आहे.
ती म्हणाली, टॅटूबद्दल कोण बोलतंय?
मग म्हणाली, दुसरा हात द्या, तोही कोरडा पडलाय.
दिला.