पाणी नीट झालं की

प्रिय छोटू,

गेल्या शनिवारी सकाळी मी फिरायला म्हणून निघालो आणि बाजारामागच्या मोठ्या हॉटेलात शिरलो. तिथल्या स्विमिंग पूलच्या काठावर वाकलो, खिशातली रिकामी बाटली बुडवून भरली, बूच लावलं आणि घरी आलो. कुणी हटकलं नाही. आयुष्यातली पहिली चोरी केली, तीही पाण्याची. आंघोळ, पूजा आटोपून मग पायरीवर बसून ते पाणी तपासलं. क्लोरीन तपासायच्या थेंबांनी नळी पिवळी व्हायला हवी, ती जवळजवळ कोरीच राहिली. दुसरी नळी गडद गुलाबी, म्हणजे पीएच चढलेला. आपल्या घरच्या पोहायच्या तलावाचं पाणी इतकं वाईट असतं तर मी कुणाला पाय बुडवू दिला नसता.

आई बरी आहे. तलावाला ती अजून हौदच म्हणते. याच्यापेक्षा एखादी म्हैस पाळली असती तर निदान दूध तरी दिलं असतं, हे तिचं ठरलेलं वाक्य. खरं सांगायचं तर घर घेताना मलाही तलाव नको होता. मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस, आणि पुढचा सगळा जन्म कारखान्यात लोखंडाशी गेला. पण तू म्हणालास, तलावाचं घर घ्या, मग सुट्टीला आम्ही दुसरीकडे कशाला जाऊ. तेवढ्यावर घेतलं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा पाणी हिरवं पडलं होतं. तुम्ही पोचायच्या आत ते निळं व्हावं म्हणून मी घरात होती नव्हती ती सगळी औषधं एकदम ओतली. पाणी दुधासारखं झालं. नात तरीही उतरली आणि तासाभरात तिच्या अंगावर पुरळ उठलं. सूनबाईंनी तिला टॉवेलात गुंडाळून आत नेलं. संध्याकाळी तुम्ही निघालात. गाडीत बसताना तू म्हणालास, “पाणी नीट झालं की येतो, बाबा.”

ते वाक्य मी देवाच्या शब्दासारखं धरून ठेवलं. औषधांच्या दुकानदाराने शिकवलं तसं शिकत गेलो. आधी क्षारता जुळवायची, मग पीएच, क्लोरीन सगळ्यात शेवटी, आणि तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर ऊनच ते खाऊन टाकतं. एक ओतलं की थांबायचं. पाण्याला घाई चालत नाही, काका, असं तो म्हणायचा. रोज पूजा झाली की मी नळ्या घेऊन काठावर. आई हसायची, घरात दुसरा देव आला म्हणून. रविवारी तुझा फोन यायचा. पहिला प्रश्न आईच्या गुडघ्यांचा नसायचा, पाण्याचा असायचा. मी खरं ते सांगायचो, अजून जरा गढूळ आहे. मग पुढच्या वेळी बघू, म्हणायचास. तुझ्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी असायचं. मला ते काळजीसारखं ऐकू यायचं.

मग पाणी जुळलं. तळाशी पडलेलं नाणं काठावरून छापा की काटा ते सांगता येईल इतकं नितळ. मी तुला काठावरूनच फोन केला, घरात जाईपर्यंतही धीर धरवला नाही. तुला रजा नव्हती. नंतर नातीला सर्दी होती. नंतर तुमच्या साहेबांची बदली होती. तिचा पोहण्याशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. आई वरच्या खोलीतल्या चादरी बदलत राहिली.

बाटली भरली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, क्लोरीन आणायला गेलो तर दुकानदार कौतुकाने म्हणाला, काका, तुमची नात काय छान हातपाय मारायला लागली हो. बाजारामागच्या त्या हॉटेलचा तलाव तोच सांभाळतो, आणि तुम्हाला त्याने पहिल्या वेळी आपल्याकडे पाहिलं होतं. सलग दोन दिवस तिला पाण्यात पाहिलं म्हणे. तुला त्याने हात केला, तर तू मान फिरवलीस. ओळखलं नसेल साहेबांनी, असं तोच वर मला समजावत होता. मी हो म्हणालो.

म्हणून ती बाटली. मला राग उशिरा आला. आधी काळजीच वाटली, की पोर ज्या पाण्यात उतरली ते बरं होतं की नाही. ते बरं नव्हतं, छोटू. तिच्या अंगावर काही उठलं असेल तर डॉक्टरला दाखव. आणि काहीच उठलं नसेल, तर मग पाण्याचं नाव का घेत होतास, ते मला विचारायचं नाही.

आईपासून लपवावं असं दोन दिवस वाटलं. मग वाटलं, तुझं खोटं मी का सांभाळू? सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. निवडून झाल्यावर म्हणाली, “हॉटेलात पोरगी पोटभर जेवली असेल का हो?”

हे पत्र एवढ्याचसाठी, की पुढच्या रविवारी तू विचारशील आणि आई फोनवर अडखळेल. सोमवारी मी पंप लावून सगळं पाणी सोडून दिलं. आज मातीच्या गाड्या आल्या. संध्याकाळपर्यंत मजुरांनी तलाव काठोकाठ बुजवला आणि मी स्वतः वरून धुम्मस मारून माती दाबली. आता इथे पोहायला काही नाही, आम्ही दोघंच आहोत. तेवढ्यासाठी यावंसं वाटलं तर ये.

तुझेच,
बाबा