चार वाजताची मामी

आदिलाबाद, मंगळवार

आदरणीय खुशालमामांस,

हर्षदीपचा सविनय जय भीम. पूनम आणि मी खुशाल आहोत. मंचेरियलला तुम्ही आणि तुमची लेक रश्मीताई सुखात असाल, असं धरून पुढचं लिहितो. बसून वाचा.

तुमचा जुना कॉम्प्युटर मी भंगारात घालायला नेला नव्हता. चंद्रभागामामीच्या शाळेला यंदा पन्नास वर्षं होतात आणि त्यांना मामीनं पोरांसाठी लिहिलेली नाटकं पाहिजेत. ती त्याच्या डिस्कवर सापडली, पण मामीच्या टायपिंगची अक्षरं त्या काळातली. माझ्या लॅपटॉपवर नाटकातल्या राजाच्या जागी नुसते इंग्रजी किडे वळवळतात. तुमचा डबा तर सुरूच होईना (आत पालीची अंडी निघाली, राग मानू नका). मग त्याच्या डिस्कची नक्कल केली, लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा केला आणि त्यात मामीचं विंडोज ९८ चालू केलं. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या विंडोजला कळतसुद्धा नाही की आपलं शरीर केव्हाच गेलं.

शनिवारी ते दाखवायला शाळेत गेलो. हेडमास्तर नाटक वाचत होते, शकुबाई खोली झाडत होती. बरोबर चारला लॅपटॉपमधून मामी बोलली.

"अवो, आइकून राह्यले का? गोळी घेतली का?"

सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा आवाज. जरा खरखरीत, पण तोच. हेडमास्तर उठून उभे राहिले (त्यांची पहिली नोकरी मामीच्या हाताखालची). शकुबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि आदबीनं सांगून टाकलं, "घेतली जी, मॅडम." पाच मिनिटांनी पुन्हा आवाज आला.

"खोटं नोका बोलू. डबी दाखवा."

शकुबाई झाडू टाकून गेली, ती थेट सोमवारी उगवली. हेडमास्तरांना मंडल ऑफिसातली मीटिंग आठवली. मीही गेलो असतो, पण लॅपटॉप माझा होता.

रविवारी सकाळी, पूनमला शेजारी बसवून, आत शोधलं. विंडोजमध्ये ठरल्या वेळी काम करायची सोय असते, तिथे मामीच्या दोन नोंदी होत्या: रोज चार वाजता आणि चार वाजून पाच मिनिटांनी. आवाज तिनंच भरून ठेवलेला. तारीख पाहिली, दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवसाची. आपण लवकर परतत नाही, हे तिला समजलं असावं. तुम्हाला बोलली नाही, कॉम्प्युटरला सांगून ठेवलं. आणि तुम्ही तर ती गेल्यावर त्यावर चादर टाकली, बटणाला कधी हात लावला नाही.

आता मी चारच्या आत लॅपटॉप मिटतो. काल विसरलो. मामीनं विचारलं, तशी पूनम स्वयंपाकघरातून बोलून गेली, "मामी, ते मंचेरियलला आहेत." पाच मिनिटं झाली, दहा झाली, दुसरा आवाज आला नाही. मी नोंद तपासली. जशीच्या तशी होती.

नाटकं छापायला गेली आहेत. रश्मीताईला नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
हर्षदीप

ता. क. रश्मीताईचा फोन होता. तीन आठवडे झाले, तुमच्या गोळ्यांची पाकिटं भरलेलीच आहेत म्हणते. काऊन घेत नाही, ते तुम्ही तिला सांगत नाही म्हणे. रविवारच्या बसनं लॅपटॉप घेऊन येतो. चार वाजता घरीच राहा.

आणखी एक. मामीला यातलं मी काही सांगितलेलं नाही.