न फुटणारी संख्या

चामोर्शी, ता. ८ जानेवारी १९५५

तीर्थस्वरूप बापूभाऊस, धाकट्या भागीरथेचा सा. न. वि. वि.

इकडे मी आणि सासूबाई बऱ्या आहोत. धान मळून झालं. तुम्ही चांद्याच्या शाळेत गणित शिकवता, इकडे मी तुमच्या एकाच गणितात तीन वर्षं घातली. हे वारले त्या साली, माझं मन रमावं म्हणून तुम्ही पाटीवर ९९९९०००१ लिहून दिली आणि म्हणालात, ही फोडून दाखव. भाऊ, ती फुटत नाही. मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कोणीच निःशेष भागत नाही.

दहा हजारांच्या आतल्या सगळ्या १२२९ मूळ संख्यांनी भागून पाहिलं. एकदा ४३९१ ने भाग पुरा गेला, तर दोन दिवस घास उतरला नाही; मग हातचा चुकलेला सापडला. शेवटची ९९७३, बाकी ७०३. सासूबाई म्हणतात, काऊन व माय, जलमभर बाकीच काढत राहशील का?

चारही वह्या शेजारच्या दादाजींसोबत पाठवते. तपासा, चुकलं असेल तर रागवा. वहिनींना नमस्कार. माया आहे ती वाढवावी.

तुमची
भागीरथा


चांदा, ता. २ मार्च १९५५

चि. भागीरथेस अनेक आशीर्वाद.

तुझं काम बिनचूक निघालं. नागपूरला गणित शिक्षकांच्या सभेत मी ते वाचलं. टाळ्या पडल्या; हेडमास्तरकी मलाच मिळेल असं दिसतं. नाव माझं घातलं. चौथी शिकलेल्या बाईचं म्हटलं असतं तर कोणी कागद हाती धरला नसता, हे तू समजून घेशील. दोन हस्ताक्षरं नकोत म्हणून नक्कल करून तुझ्या वह्या बंबात घातल्या.

एका प्राध्यापकांनी मात्र विचारलं, ९९७३ लाच का थांबलात? पुढच्या संख्या का पाहिल्या नाहीत? लेखी कळवतो म्हणून वेळ मारून नेली. उलट टपाली उत्तर धाड. तुझी वहिनी लुगडं पाठवते आहे. सासूबाईंना नमस्कार सांग, तब्येत जप.

तुझा
बापूभाऊ


चामोर्शी, ता. ९ मार्च १९५५

बापूभाऊस,

पत्र पोचलं. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या इतकंच म्हणाल्या, अन् तो मास्तर आहे?

उत्तर लिहून घ्या. संख्या फुटलीच, तर तिचे दोन भाग होतील. दोन्ही दहा हजारांहून मोठे असू शकत नाहीत, कारण त्यांचा गुणाकार दहा कोटींवर जाईल आणि आपली संख्या दहा कोटींच्या आत आहे. म्हणजे एक भाग तरी दहा हजारांच्या खाली हवा. खालच्या सगळ्या मूळ संख्या मी पाहिल्या; बाकीच्या त्यांच्याच गुणाकारांनी बनतात. वर जायचं कारण नाही. हे तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटत होतं.

तुमच्यावरचा राग संख्येवर काढायचा नाही, म्हणून कळवलं. लुगडं दादाजींसोबत परत केलं आहे. दिवाळीला न्यायला येऊ नका.

नवी वही घेतली. पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं. पुन्हा दोनपासून भागते आहे. आज सातापर्यंत आले. बाकी सहा.

भागीरथा