ठोकळ्या घरी येतो का?

१० मे, शनिवार
आरफाचं ऐलान — सुट्टीत 'यान क्रमांक सात' बघायचाच! टीव्हीवरच्या जुन्या मालिकेचा आता फॅमिली पिक्चर आलाय. अब्बांनी लगेच पाटीवर लिहिलं, 'मूळची मी पाहिलीय. सगळे भाग.' खाली तीन रेघा! तेव्हा दापोडीत शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसायचे म्हणे. त्यातला ठोकळ्या नावाचा रोबो त्यांचा जीव की प्राण.

११ मे
अब्बांच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. गळ्याचा कॅन्सर, आवाजाची पेटीच काढली. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं मशीन दिलं. घरघरता, एकसुरी आवाज. पहिल्यांदा बोलले तेव्हा आरफा, पाच वर्षांची, किंचाळून माझ्यामागे लपली. नात घाबरली! तेव्हापासून मशीनला हात लावला नाही. गॅरेजमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांची टिंगल करणारा माणूस — आणि आता पाटी.
मी मात्र ते चार्ज करून पर्समध्ये ठेवते. कधी लागलं तर.

१४ मे
ओव्हरटाइम. चाकणहून येताना बस तासभर जागेवर. उमरचा मेसेज — 'चार तिकिटं काढली.' नवरा कधी कधी कामाचा!

१७ मे, शनिवार
काय दिवस!
पिक्चरच्या शेवटी ठोकळ्या यानात बसून पोरांबरोबर घरी येतो. टाळ्या, शिट्ट्या, आरफा खुर्चीवर उभी — आणि अब्बा लालबुंद. पार्किंगमध्ये पाटीवर लिहायला गेले, तर खडू मोडला. दुसरा नाही. माझी पर्स ओढली, मशीन काढलं, गळ्याला लावलं —
"बकवास! ठोकळ्या परत येतच नाही! बाहेर थांबून यानाचं दार त्यानेच बंद केलं. म्हणून पोरं वाचली!"
अख्खं पार्किंग वळून बघतंय. मी आरफाकडे. आता रडेल...
"म्हणजे तो एकटाच राहिला? मला नाही आवडलं."
"आवडायचं काय त्यात? तसंच झालं!"
"तुम्ही होतात का तिथे, नाना?"
रावेतपासून रहाटणीपर्यंत दोघं भांडत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. उमरला डोळे दिसू नयेत म्हणून.

१८ मे
नाश्त्यापासून मालिकेचे चार भाग सांगून झाले. दुपारीच बॅटरी खलास! उमर हळूच म्हणतो, "पाटी बरी होती गं." उशी फेकून मारली.

२६ मे
अब्बांना तपासणीला नेलं. डॉक्टर त्यांचं बोलणं ऐकत राहिले, मग म्हणाले, "चाचा, वरच्या वॉर्डात एक रिक्षावाले आहेत. मुकं होण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणतात, ऑपरेशन नको म्हणतात. भेटता?"
अब्बा एकटेच वर गेले. दीड तासाने खाली आले.
त्या माणसाने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.