चाळीस मिनिटांची कॅसेट

मी, भाऊसो आकाराम कांबळे, वय ६३, धंदा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, राहणार कोल्हापूर, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कुणी शेजारी बसून लिहून घेत नाही. वकीलसाहेबांनी भाषा आवरायला सांगितली, तेवढे मात्र ऐकलेले नाही.

एक. राहते घर मुलगा प्रसेनजीत आणि मुलगी निशा यांचे निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये.

दोन. डीव्हीकॅमचा मोठा कॅमेरा आणि कॅसेट लावायचा-भरायचा डेक निशाला, कारण तिला त्यांची कदर आहे. अकरा वर्षांत या यंत्रांनी मला एकदाही तोंडघशी पाडले नाही. घरगुती मिनी डीव्हीतही चित्र असेच उमटते, हे मी कबूल करतो. पण यात टेप जोरात पळते, चित्राचा पट्टा रुंद पडतो. म्हणून साठ मिनिटांच्या कॅसेटीत चाळीसच मिनिटे बसतात, पण ती हमखास लागतात. राधानगरीच्या पावसात गळक्या मांडवात काढलेले लग्न मी दहा वर्षांनी लावून पाहिले; टेप खराब झाली की चित्राचे चौकोन होतात, पण नवरीच्या पांढऱ्या साडीवर एक चौकोन फुटला नव्हता. असे यंत्र घडवणाऱ्यांना माझा जयभीम.

तीन. केरबा माने, माझा धंद्यातला वैरी. घरगुती कॅमेऱ्याचे टेप हळू पळवणारे एलपी बटण दाबून तो एका कॅसेटीत दीड तास कोंबायचा. अशी कॅसेट ज्याच्यात भरली त्या कॅमेऱ्याखेरीज कुठे धड लागत नाही. मलकापुरात भर मांडवात मी त्याला ‘खेळणंवाला’ म्हणालो. तेव्हापासून बोलणे बंद. गडहिंग्लजच्या मेहुण्याने स्वस्त पडतो म्हणून भाचीच्या लग्नाला त्यालाच सांगितले, तर मी लग्नाला गेलो नाही. पत्नी शेवंताबाई एकटी गेली.

शेवंता एकवीस वर्षे माझ्यामागे लाइट धरून उभी राहिली. लाइट धरणारा चित्रात येत नाही. २००६ साली ती वारली, तेव्हा माझ्या चारशे कॅसेटींत ती कुठेच नव्हती. केरबाने भरलेल्या त्या लग्नात सात मिनिटे होती. निशाने कॅसेट मामाकडून आणली. माझ्या डेकवर नुसते चौकोन, आवाज तुटक.

“आबा, ती त्येंच्याच कॅमेऱ्यात लागंल. चला की,” निशा म्हणाली.

मी तीन वर्षे गेलो नाही. असले कॅमेरे लोक मोडीत देत होते, हे दिसत असून गेलो नाही. हा माझा गुन्हा.

गेल्या रविवारी डेक घेऊन गेलो. केरबाने कॅमेरा टॉवेलात गुंडाळून ठेवला होता.

“ह्यो मोडीत घातला असता, तर वहिनी कुठनं बोलल्या असत्या?” तो म्हणाला. “जोडा तुमच्या डेकला. माझ्या खेळण्याचा आता भरवसा न्हाय.”

सातही मिनिटे माझ्या कोऱ्या डीव्हीकॅम कॅसेटीवर स्वच्छ उतरली. शेवंता हसत केरबाला म्हणते, “माझं काय काढतोस? आमच्या मालकांच्या एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात मी कवा मावलो न्हाय.”

मी केरबाच्या घरात, त्याच्या बायकोसमोर, रडलो.

चार. माझा लाइट केरबाला द्यायचा होता. वकीलसाहेब म्हणाले, घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये. केरबा म्हणाला, “मग मला काय नको. सही करतो.”

पाच. माझ्या पुण्यानुमोदनाला माझे कौतुक करू नये. ती डीव्हीकॅमची कॅसेट लावावी आणि सगळ्यांनी शेवंताला पाहावे. कॅसेटीत अजून तेहेतीस मिनिटे कोरी आहेत. त्यांवर कुणी काही भरू नये. ती जागा तिचीच होती.

लिहून देणार: भाऊसो आकाराम कांबळे (सही)
साक्षीदार: १. केरबा माने (सही)
२. सयाजी घोरपडे, शेजारी (सही)
कोल्हापूर, १४ ऑक्टोबर २००९