वीस माणसं शेवटपर्यंत

३ जून, सोमवार
वाचनालयाच्या अध्यक्षांनी बोलावलं. म्हणाले, वर्षभर तुम्ही कार्यक्रम-प्रमुख आहात, कार्यक्रम कुठे आहे? रविवारी वीस माणसं शेवटपर्यंत बसवून दाखवा. नाहीतर सोमवारपासून बाइंडिंगच्या खोलीत.
निश्चय : 'सहयोगातून समस्या-निवारण' ही कार्यशाळा. हॉल पुरणार नाही.

५ जून, बुधवार
आलेली नावं : शून्य. बायकोने जाहिरात वाचली. म्हणाली, "हे तुम्हाला तरी कळलंय का? सोपं लिहा."
लोकांची पातळीच खालावली आहे. तरी लिहिलं : 'मोफत वर्कशॉप. तुमची समस्या घेऊन या, मिळून सोडवू.'

७ जून, शुक्रवार
एकतीस नावं! एका काकूंनी फोनवर विचारलं, जुनी चालेल का, सासूबाईंच्या वेळची आहे. म्हटलं, अशाच मुरलेल्या हव्यात. एक गृहस्थ म्हणाले, फार जड आहे, उचलवत नाही. म्हटलं, इथे आलात की हलकं वाटेल. माणसं काय काय सोसत असतात. रंगीत चिठ्ठ्या आणल्या.

९ जून, रविवार, सकाळी १०
काकू आल्या. हातात मिक्सर. जड गृहस्थांनी शिलाई मशीन आणलं. मागोमाग पंखे, इस्त्र्या, एक पाण्याचा पंप.

१०.२५
सगळ्यांना गोल बसवलं. फळ्यावर लिहिलं, 'समस्येचं मूळ कशात?' काकू म्हणाल्या, ते तुम्ही उघडून सांगायचं ना? वर्कशॉप म्हणजे दुरुस्ती, यावर सभागृहाचं एकमत. तिघं दाराकडे निघाली. अध्यक्ष साडेबाराला यायचेत. हातापाया पडेन, पण माणसं थांबली पाहिजेत.

१०.५०
सुचलं. बाइंडरकडून स्क्रूड्रायव्हर आणले. प्रत्येकाने शेजाऱ्याचं यंत्र उघडायचं. स्क्रू सगळ्यांचे एकाच डब्यात, कारण सहयोगात माझं-तुझं नसतं. ती तिघंही परत फिरली. काय तो उत्साह!

दुपारी १२ (कपाटामागून)
डब्यात तीनशे तरी स्क्रू असतील. सगळे सारखे दिसतात, एकही बसत नाही. पंपाचं झाकण कुणीतरी पंख्याला लावलंय. भागांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा म्हटलं, तर काकूंनी एक माझ्या पाठीवर चिकटवली. तीवर काय लिहिलंय, ते अजून वाचता आलेलं नाही.

१२.४०
अध्यक्षांनी दारातून मोजलं. एकतीस. यंत्र उघडं टाकून कोण जाणार? जिंकलो. आता यांनी घरी जावं.

सायंकाळी ६.३०
अजून एकतीस.

१० जून, सोमवार
सकाळी आठपासून दाराशी रांग, पिशव्यांत सुटे भाग. मागच्या दाराने अध्यक्षांकडे गेलो. विचारलं, माझ्या पदाचं काय?
म्हणाले, "पद राहू द्या. लोकांनी कुणाला धरायचं, ते कळायला हवं."
ही बढती समजायची का, ते विचारायचं राहिलं. काकूंना मागचं दारही सापडलं होतं.